क्लिंग रॅपचा रोल नीट कसा फाडायचा? वैताग आलाय

राजारामपुरीची सून:
परवा पहिल्यांदाच भांडी झाकायच्या या पातळ चिकट प्लास्टिकचा ३० मीटरचा रोल आणला, कापताना प्लास्टिक स्वतःलाच चिकटतंय नाहीतर आख्खा रोलच खोक्यातून बाहेर उडी मारतोय. काल पांढऱ्या रश्श्याच्या स्टीलच्या भांड्यावर लावलं तर धड चिकटलंच नाही, सासूबाई म्हणाल्या ताटली ठेव की गप. कुणी सांगेल काय?

रंकाळ्याचा वारा:
ताई खोक्याच्या दोन्ही बाजूला बघा, बऱ्याच खोक्यांना बोटानं आत दाबायच्या पट्ट्या असत्यात, त्या दाबल्या की रोल जाग्यावर ऱ्हातो. मला पण लई उशिरा कळलं. आणि फाडताना वर ओढू नका, झाकण बंद धरून खोकं जरा तिरकं करून दातऱ्यांवर झटका द्या.

पापाची तिकटी:
रोल १०-१५ मिनिटं फ्रीजरला ठेवा, गुंता कमी होतो.

जुनी सुगरण:
स्टीलला ते काचेइतकं धरत नाही हो, भांड्याची कड पुसून घ्या, तेलकट राहिली तर अजिबातच नाही. पण गरम रश्श्यावर लावू नका, तवंगाला तर टेकूच देऊ नका, काही रॅप पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचे असतात आणि त्यातलं मऊ करायचं रसायन गरम तेलकट पदार्थात उतरतं. खोक्यावर पॉलिथिलीन (हे वेगळं प्लास्टिक) लिहिलेलं बघून घ्या, ते चिकटतं जरा कमी. मी आपली कापलेल्या कलिंगडाला आणि मळलेल्या कणकेलाच वापरते.

राजारामपुरीची सून:
पट्ट्या सापडल्या!! रश्श्यावर ताटलीच ठेवली, सासूबाई जिंकल्या 😄