बाजारात हिशोब पक्का, वहीत मात्र भोपळा

पलूसची_आई:
पोरगा चौथीत आहे, सुट्टीत आजोबांबरोबर बाजारात भाजी विकायला बसतो, ऐंशी रुपये किलोनं तीन पाव वांगी किती हे गिऱ्हाईक पिशवी उघडायच्या आत सांगतो आणि तेच वहीत आकड्यात आलं की भोपळा. क्लास लावू का बाजार बंद करू? सासरे म्हणतात दोन्ही नको.

शेवटचा_बाक:
ताई बाजार बंद करू नका! ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पोरांचा अभ्यास झालाय, १९८५ चा. विकताना ९८ टक्के हिशोब बरोबर, कागदावर नुसते आकडे दिले तर ३७. एकाला ३५ चा एक असे १० नारळ विचारले तर तो शून्य लावत बसला नाही, तिनाचे १०५, अजून तीन २१०, अजून तीन ३१५, वर एक, झाले ३५०. पोरं पाचच होती म्हणून फार ताणू नका, पण पद्धत बघा ना.

मिरजकर:
भोपळ्यावरनं आठवलं 😄 आमच्याकडं भोपळ्याचे तंबोरे बनवणाऱ्यांच्या घरात पोरं शेजारी बसून, बघत, ऐकतच जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद खुलवायला, शिकतात, धडा पहिला वगैरे कोण म्हणत नाही. चुकलं की कानालाच कळतंय.

पलूसची_आई:
आत्ता विचारलं त्याला. म्हणे अर्ध्याचे चाळीस, पावाचे वीस, साठ. मग वहीत असं लिही की, तर म्हणतो बाई चालवून घेत नाहीत.