बोलणं कळलं की नाही, हे म्हणे मेंदूच्या फोटोत दिसतं

कोथरूडचा_काका: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की माणसाला एमआरआयमध्ये झोपवायचं, कानात गोष्ट सोडायची आणि त्याला नुसतं ऐकू आलं की समजलंही ते पडद्यावर बघायचं. अहो, ते लाल-पिवळे रंग सॉफ्टवेअर भरतं! एफएमआरआय, म्हणजे मेंदू काम करताना काढलेला एमआरआय, मोजतं रक्तातला ऑक्सिजन, तो चढायला पाच-सहा सेकंद, तेवढ्यात आमची ही अख्खी भाजीची यादी सांगून मोकळी. 2009 मध्ये तर मेलेल्या सॅमन माशाच्या मेंदूतही ठिपका पेटला होता.

नारायणपेठी: तो मासा अजून किती वर्षं पुरवणार? आकडेमोडीत ढिलाई करणाऱ्यांना चपराक म्हणूनच केला होता तो प्रयोग, नीट दुरुस्ती लावल्यावर ठिपका गायब. आणि वेळच पकडायची तर ईईजी आहे की, डोक्याला तारा चिकटवून मेंदूतली वीज मोजणारं. 'चहात चप्पल बुडवून खाल्ली' म्हटलं की 'चप्पल'नंतर साधारण 400 मिलिसेकंदांनी ठराविक लाट उमटते. 1980 पासून माहितीये हे.

सिंहगडरोडवाली: माझ्या बाबांना स्ट्रोक झाला तेव्हा "जेवलात?" विचारलं की हसून म्हणायचे, "हो हो, मंगळवार." आम्हाला वाटलं चेष्टा करताहेत. एकाने कानाचं मशीन गळ्यात मारलं, अठरा हजार गेले. मग स्कॅन, मेंदूचा डाव्या कानामागचा, बोलणं समजण्याचा भाग गेलेला. तेव्हा फोटोनेच कळलं ना?

कोथरूडचा_काका: वाईट वाटलं, पण तो साधा एमआरआय, जखम दाखवणारा. आणि असली जखम वेर्निके नावाच्या जर्मन डॉक्टरने 1874 मध्येच सांगितली होती, मशीनशिवाय. शिवाय स्कॅनरचा आवाज शंभर डेसिबलच्या वर, त्या ठणठणाटात कसलं बोलणं ऐकवताय? आमच्याकडे जुलैपासून नदीपात्रात ढोल बडवतात, शेजारचा फोन कळत नाही.

ताशा_कडक: आलं गणपतीवर! काका, महिनाभर सहन होत नाही? वर्षभर हॉर्न चालतात!

कोथरूडचा_काका: महिनाभर? दोन महिने! टिपरू तुमच्या हातात, टिनिटसची घूं-घूं आमच्या कानात.

ताशा_कडक: आम्ही कापूस घालून वाजवतो.

सिंहगडरोडवाली: म्हणजे त्रास होतो हे माहितीये तर! घरी तान्हं बाळ आहे आमच्या, रात्री साडेनऊपर्यंत धाडधाड.

ताशा_कडक: मग राहा ना गावाबाहेर.

नारायणपेठी: भांडा, पण स्कॅनरच्या आवाजाबद्दल काकांना उत्तर द्यायचं राहिलं. मशीन काही सेकंद गप्प ठेवतात, त्या शांततेत वाक्य ऐकवतात आणि मग फोटो. रक्त उशिरा चढतं म्हणूनच जमतं हे. तुमची तक्रार तीच त्यांची युक्ती.

कोथरूडचा_काका: बरं. मशीन गप्प बसतं एवढं मान्य. पथकाला दाखवा नेऊन.