कासव पाण्यात सोडलं तरी परत किनाऱ्यावर येतंय, काय करू? अर्जंट

पुळणीवरची_मुलगी
नमस्कार मंडळी. आम्ही दापोलीजवळ राहतो. सकाळी बाबांबरोबर पुळणीवर गेले तर एक कासव पडलेलं, हातभर लांब असेल, डावा पुढचा पाय हिरव्या नायलॉनच्या जाळ्यात गुरफटलेला आणि दोरा इतका रुतलाय की आतलं पांढरं दिसतंय. मध्येच मान वर करून जोरात उसासा टाकल्यासारखा श्वास घेतं, बघवत नाही. वाडीतल्या पोरांनी दोनदा उचलून पाण्यात सोडलं, दोन्ही वेळा लाटेबरोबर परत आलं. आता घरून पाण्याने भरलेला मोठा टब आणतायत. एका ऑफिसला तीनदा फोन केला, कोणी उचलत नाही. कुत्री घिरट्या घालतायत. प्लीज कोणीतरी सांगा.

जाळीमुक्त
ताई आधी टब थांबवा!! कासव फुप्फुसाने श्वास घेतं, थकलेलं असेल आणि मान वर काढायची ताकद नसेल तर टबातल्या पाण्यातही बुडून मरतं. आणि परत समुद्रात सोडू नका. ते बाहेर आलंय कारण त्याला पोहता येत नाहीये, पावसाळ्यात वारा आणि प्रवाह सगळे किनाऱ्याकडे, त्यात असं जखमी जनावर थेट वाहून येतं. पुष्कळांना न्यूमोनिया झालेला असतो, बुडीच मारता येत नाही, नुसती तरंगत राहतात.
आत्ताच्या आत्ता 1926 ला फोन करा, ती महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन आहे. गावाचं नाव, जवळची खूण, मोबाईलवरचं लोकेशन, कासव जिवंत आहे आणि पाय कापला गेलाय हे स्पष्ट सांगा, फोटो काढून ठेवा. कोणी येईपर्यंत सावलीत ओल्या गोणपाटावर ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका पण नाकपुड्या उघड्या राहू द्या. उचलायचं तर दोन्ही बाजूंनी कवच धरून, पाय ओढून अजिबात नाही, आणि तोंडाजवळ बोट नेऊ नका, चावा जबर असतो. बाहेर लोंबणारं जाळं कात्रीने कापा, मांसात रुतलेला दोरा मात्र तसाच ठेवा, रक्त सुटलं तर तुम्हाला थांबवता येणार नाही. खायला काही देऊ नका.

नाखवा_रायगड
बरोबर सांगितलंय वर. आम्ही मासेमारी करणारे, जाळी तुटून वाहून जातात आणि वर्षानुवर्षं समुद्रात फिरत जनावरं मारतात हे आम्हालाही दिसतं, वाईट वाटतं. इथे बोटीवाले कोणी असतील तर त्यांच्यासाठी, जाळ्यात जिवंत कासव, डॉल्फिन किंवा बहिरी (व्हेल शार्क) सापडली आणि जाळं कापून सोडली तर सरकारकडून नुकसानभरपाई मिळते, 25 हजारांपर्यंत, योजना 2018 च्या डिसेंबरपासून आहे. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ मात्र लागतो, म्हणून आधी मोबाईल काढा मग सुरी. पुष्कळ जणांना माहीतच नाही. माझ्या चुलत्याने असंच जाळं कापलं, फोटो नव्हता, सगळं नुकसान अंगावर पडलं.

कोकणी_मीनल
डॉल्फिन किंवा देवमासा आला तर तेही लिहून ठेवते, कारण गर्दी जमली की सगळे शेपटीला धरून ओढायला लागतात. शेपूट ओढायची नाही. पोटावर सरळ राहू द्यायचं, बाजूच्या परांखाली वाळू उकरून खड्डे करायचे म्हणजे पर दबत नाहीत, अंगावर ओल्या चादरी, आणि डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी किंवा वाळू जाता कामा नये. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू आलं होतं ना, किती माणसं किती तास राबली, आणि तरी शेवटी ते वाचलं नाही. टनावारी वजन स्वतःचंच स्वतःवर पडतं, पाण्याबाहेर त्याचा श्वास कोंडतो. म्हणून फोन पहिल्या पाच मिनिटांत, सेल्फी नको.
गोव्यात असाल तर बीचवरच्या लाईफगार्डला सांगा, तेच वनखात्याला कळवतात.

पुळणीवरची_मुलगी
1926 लागला!! लोकेशन पाठवलंय, माणसं निघालीत म्हणाले. टब ओतून टाकला, आईने जुनं लुगडं भिजवून दिलं ते पाठीवर घातलंय, पोरं काठ्या घेऊन कुत्र्यांना हाकलतायत. एक विचारायचं होतं, पाय कापावा लागला तर ते जगेल का?

जाळीमुक्त
जगू शकतं. एक पाय गेलेली कासवंही बरी होऊन समुद्रात परत जातात, डहाणूच्या उपचार केंद्रात मी स्वतः तीन पायांवर पोहणारं कासव पाहिलंय, थोडं तिरकं पोहायचं पण बुडी व्यवस्थित मारायचं. जखम किती जुनी आहे त्यावर आहे सगळं. ऊन वाढलं तर फडकं सुकू देऊ नका.

हर्णैचा_बाळू
ताई अजून एक, मेलेलं कासव दिसलं तरी कळवत जा. बरेच जण कुत्री खातील म्हणून आधीच पुरून टाकतात मग नोंदच होत नाही. आणि थंडीत रात्री एखादं धडधाकट कासव वाळूत वर चढताना दिसलं तर ते अंडी घालायला आलेलं असतं, त्याला हात लावायचा नाही, टॉर्च बंद करून लांब उभं राहायचं.

पुळणीवरची_मुलगी
गाडी आली. आत्ताच घेऊन गेले. डोळे उघडे होते.