फ्रायफुंकसाठी घरचा जुना राउटर नोड करायचाय (जर्मनी), कुणी केलंय का?

नेकारकाठची
नमस्कार मंडळी, आम्ही एसलिंगेनला राहतो, श्टुटगार्टच्या शेजारी. आमच्या बिल्डिंगसमोर निर्वासितांचं होस्टेल आहे आणि तिथली पोरं संध्याकाळी आमच्या गेटपाशी फोन वर धरून उभी असतात, कारण कोपऱ्यावरच्या बेकरीचं वायफाय तिथपर्यंत जेमतेम पोचतं. घरी टीपी-लिंकचा आर्चर सी७ नुसता पडून आहे, एक जुना ८४१ पण आहे. फ्रायफुंक म्हणजे इथे लोकांनीच मिळून चालवलेलं फुकट, सगळ्यांना खुलं वायफाय; त्याचं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकून यातला एक नोड, म्हणजे त्या जाळ्यातला एक राउटर, करावा असं फार मनात आहे. त्यांच्या नकाशावर गल्लीच्या त्या टोकाला दोन नोड दिसतात, आमच्या बाजूला काहीच नाही.
विचारायचं हे की आमचं घरचं नेटवर्क, म्हणजे ह्यांचा ऑफिसचा लॅपटॉप, प्रिंटर, फोटो ठेवलेली डिस्क, हे बाहेरच्याला दिसेल का? आणि कुणी त्या वायफायवरून पिक्चर उतरवला तर वकिलाची नोटीस आम्हाला येणार का? इथे नवीन आलेल्याला पहिली भीती सगळे हीच घालतात. नेटवर्किंगचं बेसिक कळतं, कमांड लाइनला घाबरत नाही.

वायरवाला_अण्णा
ताई, जरूर करा. ८४१ ठेवून द्या, त्याच्या बहुतेक व्हर्जनमध्ये ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम असते, एवढ्यावर नवीन ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर, ज्यावर फ्रायफुंकचं फर्मवेअर उभं आहे) चालतच नाही. सी७ झकास आहे. तो उलटा करून खालच्या स्टिकरवर व्हर्जन बघा, २ आहे की ५, कारण प्रत्येक व्हर्जनची फाइल वेगळी असते. फर्मवेअर तुमच्या भागातल्या ग्रुपच्याच साइटवरून घ्या, दुसऱ्या शहराचं टाकलंत तर चॅनल आणि मेशचा (नोडनी एकमेकांना जोडून केलेल्या जाळ्याचा) आयडी जुळणार नाही आणि ते शेजारचे दोन नोड तुमच्याशी बोलणारच नाहीत. कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर असेल तर फॅक्टरी नावाची फाइल, ओपनडब्ल्यूआरटी आधीच असेल तर सिसअपग्रेड.
फ्लॅश (फर्मवेअर टाकून) झालं की कॉम्प्युटर पिवळ्या लॅन पोर्टला लावा आणि १९२.१६८.१.१ उघडा. नोडचं नाव, नकाशावरची जागा, संपर्काचा ईमेल, आणि मेश व्हीपीएन (इंटरनेटमधून ग्रुपच्या सर्व्हरपर्यंत जाणारा बंद बोगदा) चालू करायचं की नाही एवढंच विचारतात. व्हीपीएन चालू करा, आणि तिथेच स्पीडला मर्यादा घाला, म्हणजे घरच्यांचे व्हिडिओ कॉल अडकणार नाहीत. ग्रुपला व्हीपीएनची की (किल्ली) पाठवावी लागत असेल तर शेवटच्या पानावर ती दिसते, ती त्यांना पाठवल्याशिवाय बोगदा उघडत नाही.
आता तुमचा मुख्य प्रश्न. घरच्या राउटरमधून येणारी केबल सी७च्या निळ्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टमध्येच लावायची. ग्लुऑनच्या (फ्रायफुंकच्या फर्मवेअरचा पाया) फायरवॉलमुळे नोडला जोडलेल्या पाहुण्यांना वॅनच्या बाजूचं काही दिसत नाही, त्यांचं सगळं ट्रॅफिक व्हीपीएनमधून थेट ग्रुपच्या गेटवेला (जिथून ते इंटरनेटवर बाहेर पडतं तो सर्व्हर) जातं. तीच केबल पिवळ्यात गेली तर तुमचं घर आणि फ्रायफुंक एकमेकांत मिसळतं, तेवढं डोळ्यात तेल घालून बघा. एकदा सेटिंग झालं की पिवळे पोर्ट पाहुण्यांचे, त्यात घरचा प्रिंटर लावू नका.

रूरकर
कायद्याचं मी सांगतो, कारण ही भीती जुनी आहे आणि तेव्हा खरी होती. पूर्वी वायफाय उघडं ठेवणाऱ्याला दुसऱ्याच्या डाउनलोडसाठी जबाबदार धरायचे, म्हणून काही ग्रुप ट्रॅफिक स्वीडनमधून बाहेर काढायचे. ऑक्टोबर २०१७ मध्ये कायदा बदलून ती जबाबदारी काढली, जुलै २०१८ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो बदल उचलून धरला, आणि २०२४ पासून तीच तरतूद नव्या डिजिटल सेवा कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे. शिवाय व्हीपीएन चालू असलं की बाहेर पत्ता गेटवेचा दिसतो, तुमच्या घरचा नाही. फक्त इंटरनेट कनेक्शनच्या करारात तिसऱ्याला वापरू द्यायला मनाई आहे का ते वाचा, काही कंपन्या असं लिहितात.

पुणे_ते_म्युनिक
सगळे फर्मवेअरवर बोलतात, जागेवर कुणी बोलत नाही, आणि खरा खेळ तिथेच आहे. इथल्या नव्या खिडक्यांच्या काचेवर उष्णता अडवायला धातूचा पातळ थर असतो आणि तो वायफायही अडवतो. राउटर काचेला टेकवून ठेवलात तरी समोरच्या फुटपाथवर सिग्नल मरतो. बाल्कनी असेल तर सीपीई२१० सारखा बाहेरचा अँटेना कठड्याला केबल टायने बांधा, भाड्याच्या घरात भोक पाडायची गरज नाही, खिडकीच्या फटीतून जाणारी चपटी केबल मिळते. वीज त्याच केबलमधून जाते. अँटेना होस्टेलकडे वळवून सी७शी वायरने जोडा, त्या पोर्टवर मेश ऑन लॅन (दोन नोड वायरने जोडायचं सेटिंग) चालू करा, म्हणजे घरातून बाहेर जायला हवेतली, म्हणजे वायफायवरची, एक उडी वाचते. एकाच रेडिओवरून पुढे पाठवलं की दर उडीला स्पीड साधारण निम्मा होतो.
विजेचं म्हणाल तर एका राउटरला वर्षाला ५० युनिटच्या आसपास.

नेकारकाठची
खूप खूप आभार सगळ्यांचे! सी७ व्हर्जन ५ निघाला, फ्लॅश झाला, व्हीपीएनची की पाठवली आणि ग्रुपकडून ती घातल्याचं उत्तरही आलं. पण व्हीपीएन जोडलंच जात नाही. केबल निळ्यातच आहे, दुसऱ्या बाजूला आमच्या घरच्या राउटरच्या, फ्रिट्झबॉक्सच्या, लॅन ४ मध्ये, तो गेस्ट नेटवर्कला दिलाय, म्हटलं आणखी सुरक्षित.

वायरवाला_अण्णा
लॅन ४ गेस्टला देणं उत्तमच. पण फ्रिट्झबॉक्सच्या गेस्ट सेटिंगमध्ये फक्त सर्फिंग आणि मेलला परवानगी असा एक टिकमार्क असतो, त्यामुळे व्हीपीएनचं यूडीपी प्रकारचं ट्रॅफिक अडतं. तो काढा, नोड रीस्टार्ट करा आणि पाच-दहा मिनिटं थांबून नकाशा बघा.

देवरुखचा_पोऱ्या
मध्येच विचारतो, असं आमच्या वाडीत करता येईल का? टॉवर डोंगराच्या पलीकडे आहे.

पुणे_ते_म्युनिक
वाडीतल्या वाडीत मेश करता येईल. भारतात २.४ गिगाहर्ट्झ २००५ पासून लायसन्समुक्त आहे, ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ पासून. लिब्रेमेश (मेशसाठीचं असंच मुक्त फर्मवेअर) टाका आणि एका घरात छोटा सर्व्हर ठेवा, शाळेचे व्हिडिओ वगैरे इंटरनेटशिवाय चालतील. इंटरनेट वाटायचं असेल तर मात्र २०२० ची पीएम-वाणी योजना बघ, त्यात दुकानदारालाही लायसन्सशिवाय वायफाय देता येतं, फक्त नोंदणी केलेल्या अ‍ॅग्रिगेटरमार्फत (अशी अनेक दुकानं एकत्र सांभाळणारी कंपनी). आधी एवढं सांग, घरं एकमेकांना दिसतात का की मध्ये आंब्याची झाडं आहेत? पावसाळ्यात ओली पानं सिग्नल खातात, तसं असेल तर खांब उंच लागतील.