मोबाइल टॉवरच्या रेडिओचा ईव्हीएम फक्त लॅबमध्येच मोजायचा का?

लॅबमधला: काल इथं कुणीतरी ठासून लिहिलं, 'साइटवर ईव्हीएम मोजण्यात वेळ फुकट जातो. व्हीएसडब्ल्यूआर ठीक, ड्राइव्ह टेस्ट (गाडीतून फिरून नेटवर्क तपासणं) पास, म्हणजे ट्रान्समीटर ठणठणीत.' वाचून गप्प बसवेना. ईव्हीएम (एरर व्हेक्टर मॅग्निट्यूड) म्हणजे पाठवलेला सिग्नल आदर्श सिग्नलपासून किती ढळला त्याचं माप, मतदान यंत्र नव्हे. व्हीएसडब्ल्यूआर अँटेना लाइनवरून किती पॉवर परत येते तेवढंच सांगतो. पाठवलेला सिग्नल स्वच्छ आहे का, हे त्याला कुठून कळणार? पॉवर अॅम्प्लिफायर सॅच्युरेशनकडे, म्हणजे ताकदीच्या टोकाकडे, सरकला तरी पॉवर मीटरवर आकडा झकास असतो, कॉन्स्टेलेशनचे (सिग्नलची प्रत्येक अवस्था दाखवणाऱ्या आकृतीचे) ठिपके मात्र फिसकटतात. थ्रीजीपीपीने (मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने) ६४ क्वॅमला, म्हणजे ६४ ठिपक्यांच्या सिग्नलला, ८ टक्के आणि २५६ क्वॅमला ३.५ टक्के ईव्हीएमची मर्यादा उगाच घातलेली नाही. ८ टक्के म्हणजे सिग्नल चुकीपेक्षा जेमतेम २२ डीबी वर. मग हातातला मोबाइल अगदी टॉवरच्या पायथ्याशी नेलात तरी एसआयएनआर (गोंगाट आणि इंटरफिअरन्सच्या तुलनेत सिग्नल) त्यापुढे जात नाही, आणि खापर फुटतं शेजारच्या सेलवर! एका साइटवर लोक आठवडाभर अँटेनाचा टिल्ट (कल) बदलत बसले होते. अॅनालायझर लावला तर एका सेक्टरच्या स्पेक्ट्रमचे खांदे दोन्हीकडे वर आलेले, म्हणजे सिग्नल आपल्या पट्ट्याबाहेर सांडत होता. रेडिओ बदलला, तक्रार बंद.

टॉवरवाला: लावणार कुठे, ते सांगा आधी. ६४ ट्रान्समीटरच्या मॅसिव्ह मायमो युनिटला (अँटेना आणि रेडिओ एकाच डब्यात) बाहेर आरएफ कनेक्टरच नसतो. हवेतून मोजायचं तर शेजारच्या सेलचा इंटरफिअरन्स त्यात मिसळतो. वर टीडीडी (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणं आणि घेणं), मोजण्याच्या वेळेचा गेट चुकला की आकडा वाट्टेल तो. खरं दुखणं कनेक्टरचं आहे. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) कुणी वापरत नाही, पान्याने अंदाजाने आवळतात. कोकणात खाऱ्या हवेने क्लॅम्प गंजतात, पीआयएम होतो (खराब जोडात सिग्नल मिसळून नको त्या फ्रिक्वेन्सी तयार होतात), अपलिंकचा, म्हणजे मोबाइलकडून टॉवरकडे येणाऱ्या बाजूचा, नॉइज चढतो. तुमचा ईव्हीएम तेव्हा अगदी सुंदर दिसतो!

लॅबमधला: पीआयएमसाठी २० वॉटचे दोन टोन सोडून वेगळी टेस्ट असते. ती करा की. दोन्ही कशाला एका पोत्यात भरताय?

रिगर: 'कुणी वापरत नाही' म्हणणं खाली उभं राहून सोपं आहे. ४० मीटरवर पट्ट्याला लटकून बघा एकदा. ठेकेदार रेंच देत नाही, दिवसाला दोन साइट उरकायला सांगतो. वॉटरप्रूफिंगची टेप नीट दिसली की फोटो पास. आत नट ढिला आहे की पिळून गेलाय, फोटोत दिसतं का? आणि नॉइज चढला की फोन आम्हालाच.

टॉवरवाला: दादा, तुमच्यावर नाही बोललो. रेंचचा खर्च कामाच्या दरात धरायला हवा, हे मीही वरच्यांना सांगून थकलो.

लॅबमधला: ते सगळं खरं, पण माझा मुद्दा तिथेच राहिला. मॅसिव्ह मायमोचं मान्य. ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झच्या रिमोट रेडिओला तर कनेक्टर आहेत ना? कपलर (सिग्नलचा थोडा हिस्सा मोजायला बाजूला काढणारा भाग) लावून पूर्ण लोडवर मोजा.

टॉवरवाला: मोजू. नवीन रेडिओ चढवायच्या आधी, खाली जमिनीवर. चालू साइट त्यासाठी मी बंद करणार नाही.

लॅबमधला: जमिनीवर नवा रेडिओ पास होणारच. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेला, वर्षभर चाललेला मोजायला हवा.

टॉवरवाला: मग रात्रीची परवानगी तुम्ही आणा.