मेटमधला आदम आणि खुर्च्या-कपबश्या एकाच खात्यात का?

उंबरठा
गेल्या रविवारी आई-बाबांना न्यूयॉर्कचं मेट म्युझियम दाखवायला नेलं. अर्ध्या तासात बाबांचे गुडघे बोलायला लागले, म्हणून जिथे बाक दिसला तिथे बसलो. समोर संगमरवरी आदम, हातात सफरचंद. मी फोनवर वाचून सांगितलं की हा काही वर्षांपूर्वी पडून फुटला होता. बाबा उठून त्याच्या घोट्यापाशी वाकून बघून आले. म्हणाले, "कुठे फुटलाय? उगाच काहीतरी."

प्रश्न असा, की हे खातं 'युरोपियन शिल्प आणि सजावटी कला' असं आहे. पुतळे, खुर्च्या, घड्याळं, चहाची भांडी, सगळं एकत्र. असं का? आणि तिथले क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारे तज्ज्ञ, दिवसभर करतात काय? पुतणी बडोद्याला म्युझियॉलॉजी (संग्रहालयशास्त्र) करते आहे, तिला हेच काम करायचंय.

दगडधोंडे
बाबांना सांगा, खरंच फुटलाय. ऑक्टोबर २००२, संध्याकाळची वेळ, आसपास कुणी नाही. पुतळ्याखालचा प्लायवूडचा चौथरा खचला. मोठे तुकडे २८, बारीक शेकडो. तुल्यो लोंबार्दोने १४९०च्या दशकात व्हेनिसच्या एका डोजच्या (तिथल्या राज्यप्रमुखाच्या) थडग्यासाठी घडवलेला आदम! लोकांसमोर परत आला तो नोव्हेंबर २०१४ मध्ये. बारा वर्षं.

जोडकाम कॉन्झर्व्हेटरचं, म्हणजे वस्तू दुरुस्त करून जपणाऱ्याचं, क्युरेटरचं नाही. आधी तुकड्यांचं लेझर स्कॅनिंग केलं. पूर्वी अशा कामात लोखंडी सळ्या ठोकायचे. इथे फायबरग्लासच्या पिना, त्याही मोजक्याच, आणि पुढेमागे सोडवता येईल असा डिंक. पण भेगा दिसू द्यायच्या की मिटवायच्या, या वादात क्युरेटर असतोच.

निळी_कपबशी
मी क्युरेटर नाही. युरोपातल्या एका लहान संग्रहालयात दोन वर्षं क्युरेटरबाईंच्या हाताखाली चिनी मातीच्या भांड्यांची नोंदणी केली, तेवढाच अनुभव.

पहिल्याच आठवड्यात मी चहाची किटली कानाला धरून उचलली. आमच्या बाई आवाज न चढवता नुसतं "ठेव" म्हणाल्या. दिवसभर मग मला कुणी किटली दिली नाही. झाकण आधी वेगळं काढायचं, एक हात तळाखाली, एक पोटाला. कान कधीतरी तुटून चिकटवलेला असतो आणि तो नेमका आपल्या हातात यायचा असतो. सुती हातमोजे नकोत, चिनी माती निसटते. चांदीला मात्र हातमोजे हवेतच, बोटांचे ठसे धातूत उतरतात.

मग वस्तू उलटी करायची. खरं काम तिथे सुरू होतं. सेव्र या फ्रेंच कारखान्याच्या चिनी मातीच्या भांड्याखाली एकमेकांत गुंतलेले दोन 'एल' आणि मध्ये एक अक्षर असतं. 'ए' म्हणजे १७५३, 'बी' १७५४, असं पुढे. शेजारी रंगवणाऱ्याची खूण, कधी सोनं चढवणाऱ्याची. वाटतं, झालं, सापडलं! पण ही खूण एकोणिसाव्या शतकात पोत्याने खोटी मारली गेली आहे. एकदा 'ई' असलेली बशी आली, म्हणजे १७५७. बाईंनी काठाचा टवका भिंगातून पाहिला आणि बाजूला ठेवली. माती कडक जातीची होती. तिच्यासाठी लागणारं काओलिन (एक पांढरी माती) फ्रान्समध्ये सापडलं १७६८च्या सुमारास, लिमोजजवळ. म्हणजे १७५७ची खूण खोटी.

आता पुतळे आणि कपबश्या एकत्र का. कारण करणारे हात पुष्कळदा तेच होते. फ्रेंच शिल्पकार फाल्कोने घ्या. सेव्रच्या कारखान्यात शिल्पशाळेचा प्रमुख होता, टेबलावर ठेवायच्या वीतभर बाहुल्यांचे नमुने करायचा. तिथून १७६६ मध्ये गेला रशियाला आणि सेंट पीटर्सबर्गमधला झार पीटरच्या पुतळ्याचा तो उधळलेला घोडा घडवला. याला दोन खात्यांत कसं वाटणार? (मेटमध्ये १९०७ला हे खातं निघालं तेव्हा नाव नुसतं 'सजावटी कला' असं होतं.)

कागदी_घोडा
पुतणीला एवढं गुलाबी चित्र नको. निम्मं काम कागदाचं. वस्तू १९३३ ते १९४५ मध्ये कुणाच्या घरात होती, कशी विकली गेली, हे लिलावांच्या जुन्या याद्यांतून शोधायचं. नाझींनी ज्यूंची घरं लुटली, त्यातलं काही संग्रहालयांपर्यंत पोचलं. फ्रेंच आणि जर्मन वाचता येत नसेल तर आत्तापासून शिकायला लागा म्हणावं. आणि जागा फार थोड्या.

निळी_कपबशी
+१. माझं घोडं जर्मनवरच अडलं.

उंबरठा
सगळ्यांचे आभार, धागा पुतणीला पाठवलाय. आईने मात्र ठाण्याला फोन करून मावशीला शोकेसमधली आजीची किटली उलटी करायला लावली (झाकण काढलं नाही, ते पडलं, फुटलं नाही). खाली नुसतं 'इंग्लंड' लिहिलंय. आई म्हणते, दीडशे वर्षांची आहे.

निळी_कपबशी
देशाचं नाव आहे म्हणजे बहुतेक १८९१नंतरची. अमेरिकेने तेव्हापासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. आईंना लगेच सांगू नका. तळाचा फोटो टाका, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता. आणि मावशींना म्हणावं, कानाला धरू नका.