मदत हवी आहे: पद्मिनीच्या क्राऊनचं (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरपेटीचं) ऑइल कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी, घरी १९८५ ची प्रीमियर पद्मिनी आहे. मागच्या उजव्या चाकाच्या ड्रममधून तेलाचा ओघळ दिसतोय. ब्रेक ऑइल नाही, गिअर ऑइलच आहे. तो गंधकाचा उग्र वास लपत नाही. तेल अडवणारं सील बदलणारच आहे, पण त्याआधी लेव्हल बघायचीय.

क्राऊनच्या हौसिंगचा फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचं बूच) इतका गच्च आहे की पाना घसरतोय, कडा झिजायला लागल्यात. आजूबाजूने गॅस मारून तापवावं, की गंजाचा स्प्रे मारून रात्रभर ठेवावं? वरचा प्लग सुटल्याशिवाय खालच्या ड्रेनला हात लावणार नाही. तेल सोडलं आणि भरता आलं नाही तर गाडी जागेवरच!

भोकाच्या कडेपर्यंत भरायचं हे माहीत आहे, पण नुसती मागची बाजू जॅकवर घेतली तर लेव्हल चुकेल ना? आमच्याकडे गाडीखाली उतरायचा खड्डा नाही. चारही स्टँड लावून सपाट उचलता का तुम्ही?

तेल ९० नंबरच (जाडीचा आकडा), पण दर्जा जीएल-४ की जीएल-५? दुकानदार म्हणतो, "सगळं सारखंच." मला पटत नाही. क्राऊनमधल्या हायपॉइड गिअरला (दात एकमेकांवर घासत फिरतात) जीएल-५ बरं, असं माझं मत.

आणि ब्रीदर (हौसिंगमधली हवा बाहेर सोडणारं भोक) तुंबला तरी सीलमधून तेल ढकललं जातं. या गाडीत तो नेमका कुठे असतो? फोटो असेल तर टाका.